शोरूमवाले जुन्या स्विफ्टचे २ लाख ८५ हजार म्हणतात, द्यावी का?

तासगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. २०१६ ची डिझेल स्विफ्ट (व्हीडीआय), सांगलीचं एमएच-१० पासिंग, पहिला मालक, ९२ हजार किलोमीटर. नवीन गाडी बघायला गेल्यावर सांगलीतल्या शोरूमने जुनीचे २ लाख ८५ हजार लावले आणि वर ३० हजार एक्स्चेंज बोनस सांगितला. मिरजेचा एक एजंट फोनवर ३ लाख ३० म्हणाला. मेहुण्यांनी मोबाइलवर तसल्याच गाड्या ३ लाख ९० ला बघितल्या. क्लच थोडा जड झालाय. शोरूमवाले फसवतायत का, हा प्रश्न. आणि जाता जाता एक ओळ: भाचा तीन लाखाला मागतोय, त्यालाच देऊन टाकू का?

मी या धंद्यात २२ वर्षं आहे. सुरुवात मिरजेत गॅरेजवर पाने उचलण्यापासून, मग सहा वर्षं एका शोरूममध्ये जुन्या गाड्यांची किंमत काढायचं काम, आता सांगली-मिरज रस्त्याला स्वतःचा छोटा जुन्या गाड्यांचा धंदा. म्हणजे भाव पाडणाऱ्यांतही बसलोय आणि भाव मागणाऱ्यांतही.

सर, २ लाख ८५ हजार कमी की जास्त, हे नुसतं त्या आकड्याकडे बघून मलाही सांगता येणार नाही. कारण तुम्ही एका खुर्चीत बसून दोन व्यवहार करताय. जुनी विकताय आणि नवी घेताय. समोरच्याला मात्र दोन्ही मिळून एकच हिशोब आहे. तो या खिशातले पैसे त्या खिशात घालतो. जुनीला २० हजार वाढवून पाहिजेत? देतो की. नव्या गाडीवरची २० हजारांची सूट तेवढ्यात गायब होते, नाहीतर सीट कव्हर, मॅट आणि साइड बीडिंगचं एक पॅकेज कोटेशनमध्ये येऊन बसतं. तुम्ही घरी जाऊन सांगता, "गाडीचे तीन लाख पाच काढले", आणि गेलेले पैसे आधी होते तेवढेच. म्हणून जाणतं गिऱ्हाईक जुनीचा भाव विचारत बसत नाही, ते फरक विचारतं. "माझी गाडी ठेवून घ्या, नवी दारात द्या, विमा, टॅक्स, सगळं धरून वर किती मोजायचे?" हा एकच आकडा, आणि तो कागदावर.

त्याच्या जोडीला दुसरा आकडा लागतो, जुनी न देता घ्यायचा. आणि तो पहिल्यांदा घ्यायचा. शोरूमला पहिल्या खेपेला जाताना स्विफ्ट घरी ठेवा, मोटरसायकलवर जा. एक्स्चेंज नाही असं सांगून नव्या गाडीचं कोटेशन छापून घ्या. त्यात एक्स-शोरूम, टॅक्स, विमा, ॲक्सेसरीज आणि सूट या ओळी सुट्या सुट्या पाहिजेत. तुम्ही शिक्षक आहात, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांची किंवा कॉर्पोरेट सवलत बसते का ते त्याच वेळी विचारा. न विचारता ती निघत नाही. एकदा हा कागद हातात आला की मग दुसऱ्या दिवशी जुनी गाडी घेऊन जा.

समजायला सोपं जावं म्हणून आकडे धरू. नवी गाडी ऑन-रोड ९ लाख ६० हजार. जुनी देऊन: १० हजार सूट, ३० हजार बोनस, गाडीचे २ लाख ८५ हजार, म्हणजे वर मोजायचे ६ लाख ३५ हजार. जुनी न देता: समजा सूट ३५ हजार मिळाली, आणि गाडी तुम्ही बाहेर ३ लाख ५ हजारांना विकली. तुमचे गेले ६ लाख २० हजार. म्हणजे १५ हजारांची बाजी. ही १५ हजार तुमची मजुरी समजा. रविवारी चार पार्ट्यांना गाडी दाखवायची, दोघं येतो म्हणून येत नाहीत, एक जण ट्रायल घेऊन तासगावात चक्कर मारून येतो आणि "घरच्यांना विचारून सांगतो" म्हणतो. ज्याला हे नको त्याने १५ हजारांवर पाणी सोडलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. बाजी ४०-५० हजारांची निघाली तर मात्र दोन रविवार घालवावेत.

बोनसबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हा पैसा बहुतेक वेळा गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या योजनेतून येतो, आणि त्याची अट कागदाची असते: जुनी गाडी तुमच्या किंवा घरातल्या जवळच्या नात्याच्या नावावर असावी आणि ती पुढे दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा पुरावा द्यावा. कित्येक योजनांत गाडी त्याच शोरूमला दिली पाहिजे अशी सक्ती नसते. बाहेर विकून नाव बदललेल्या आरसीची प्रत आणून दिली तरी बोनस मिळतो. प्रत्येक कंपनीची आणि प्रत्येक महिन्याची योजना वेगळी, त्यामुळे मी इथून छातीठोक सांगणार नाही. सेल्समनला एवढंच विचारा, "बोनससाठी कुठले कागद आणि किती दिवसांत?" आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

आता ते २ लाख ८५ हजार आले कुठून ते सांगतो. नऊ-दहा वर्षांची डिझेल गाडी बहुतेक शोरूम स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या विभागात उभीच करत नाहीत. मी कामाला होतो तेव्हा असं चालायचं: गिऱ्हाईक आत एसीत चहा पितंय, मी बाहेर गाडीभोवती फिरतोय. बारा-पंधरा फोटो, इंजिन चालू असतानाचा एक व्हिडिओ, आणि ते सगळं एजंटांच्या ग्रुपवर. दहा मिनिटांत कुपवाडचा एक, कराडचा एक, जयसिंगपूरचा एक असे भाव यायचे. वरचा भाव धरायचा, त्यातून १५-२० हजार कापायचे आणि मॅनेजरला सांगायचा. मॅनेजर त्यातले आणखी पाच हजार मुठीत ठेवायचा, शेवटी "सर, फक्त तुमच्यासाठी वाढवतो" म्हणायला.

म्हणजे तुमची गाडी शेवटी जायची ती त्या एजंटाच्याच दारात. मग त्याचा हिशोब काय? तुमच्यासारखी गाडी पार्टीला ३ लाख ७० ला सुटेल असं त्याने धरलं. त्यातून मागे यायचं. क्लच, दोन टायर, पुढच्या बंपरचं पेंट, बॅटरी, आतली धुलाई मिळून २२ हजार. ट्रान्स्फर आणि विम्याचे ६ हजार. गाडी दीड-दोन महिने उभी राहते, त्या पैशाचं व्याज आणि जागेचं भाडं ८ हजार. आणि त्याचा नफा ३० हजार, ज्यातून जीएसटीही जायचा. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे, छोट्या गाड्यांना पूर्वी तो १२ होता. तुम्ही घरगुती माणूस म्हणून विकलीत तर तुम्हाला हा कर नाही. हे सगळं वजा केलं की राहतात ३ लाख ४ हजार. तेवढ्याला तो तुमच्याकडून घेईल.

मग फोनवर ३ लाख ३० कसे म्हणाला? सर, तो फोनवरचा भाव. तो तुम्हाला दारात आणण्यापुरता असतो. गाडी समोर आली की क्लचचे दहा, टायरचे आठ, "दरवाजाला रंग झालाय" म्हणून सात, असं करत तो ३ लाख ५ ला येतो, आणि तोवर तुमचा अर्धा दिवस गेलेला असतो. गाडी न बघता सांगितलेला भाव हिशोबात धरू नका. उलट तुम्हीच फोनवर क्लच, टायर, कुठे रंग झालाय ते सगळं सांगून भाव विचारा. मग जो आकडा येईल तो खाली यायला फार जागा राहत नाही.

मेहुण्यांचे ३ लाख ९० हे मागायचे आकडे आहेत, विकल्याचे नव्हेत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव मागून खाली सरकतोच. त्याआधी टाकलेल्या जाहिराती अजून तशाच लटकलेल्या असतात, आणि लोक त्या बघून घरात भांडतात.

म्हणजे तुमचे शोरूमवाले लुटारू नाहीत. २ लाख ८५ अधिक ३० म्हणजे ३ लाख १५, आणि एजंटाचा खरा भाव ३ लाख ५ च्या आसपास. प्रश्न एवढाच की ते ३० हजार खरंच वेगळे आहेत, की जुनी न देता घेतली असती तर सूट म्हणून मिळणारच होते. ते तुमच्या पहिल्या दिवशीच्या कागदावर दिसेल.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला पाहिजे. तुमची गाडी डिझेल आहे, आणि ही आपल्याकडे जमेची बाजू आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, त्यामुळे ते १.३ लिटरचं इंजिन आता फक्त जुन्या बाजारात मिळतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचा रोज शंभर किलोमीटर फिरणारा माणूस तेच शोधत असतो. दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल चालवण्यावर बंदीचे आदेश निघाले, त्या बातम्या ऐकून इथले काही एजंटही "डिझेल आता बंद होणार" म्हणून भाव पाडतात. तो आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता होता. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं, तुमची २०३१ पर्यंत आहे. हेच जर पुण्यातल्या, मोबाइलवरून गाडी घेणाऱ्या एखाद्या कंपनीला विचाराल तर डिझेलला भाव कमी येऊ शकतो, कारण तिथलं गिऱ्हाईक पेट्रोल-सीएनजीवालं. दोन्ही विचारा, पण डिझेल आपल्या मातीतच खपते.

वेळेचाही फरक पडतो. ३१ डिसेंबरला गाडी नऊ वर्षांची असली तरी १ जानेवारीला बाजार तिला दहा वर्षांची म्हणतो. आमच्याकडे जुन्या गाड्यांना उठाव उसाची बिलं निघाल्यावर आणि द्राक्ष-बेदाण्याचे पैसे हातात आल्यावर. पितृपक्षात नवी गाडी कोणी उचलत नाही, तेव्हा नव्यावर सूट बरी मिळते, पण जुनीलाही गिऱ्हाईक नसतं. त्यामुळे नुसतं "पितृपक्षात घ्या, स्वस्त पडते" म्हणणाऱ्याने फरकाचा हिशोब केलेला नसतो.

आता गाडी तपासणारा माणूस काय बघतो ते. तो चावी हातात घेऊन गाडीभोवती फिरतो तेव्हा रंग बघतोय असं वाटतं. तो बघतो बोल्ट. बॉनेटचे, फेंडरचे आणि दरवाज्यांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट. त्यांच्यावरचा रंग पान्याने उडालेला असला की तो भाग कधीतरी खोललाय. मग दरवाजाचं रबर बोटाने ओढून आतली स्पॉट वेल्डिंगची रांग बघायची. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर गोल असतात, गॅरेजचे वाकडेतिकडे. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन, म्हणजे इंजिनाशेजारचे आतले पत्रे. बंपर, दरवाजा, फेंडर बदललेला असला तर किरकोळ कपात. एप्रनला किंवा पिलरला, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबाला, मार लागलेला असला तर ४०-५० हजार सरळ जातात, मग तुम्ही काही म्हणा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. "टायर परवा टाकलेत" म्हणणाऱ्या माणसाच्या टायरवर १८१९ असतं, म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. मग पुढचं काहीच खरं वाटत नाही.

आणि सांगलीच्या गाडीत एक जास्तीची गोष्ट बघतात. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. एकदम शेवटपर्यंत, जिथे तो कधीच कोणी ओढत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. दोन वर्षांनी २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. गावभाग, सांगलवाडी, शामरावनगर, कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ धुऊन, सीट बदलून, अत्तर मारून पुढे विकल्या गेल्या. एकदा माझ्याकडे एक पांढरी गाडी आली, आतून लग्नाच्या मांडवासारखी सजवलेली. मी पट्टा ओढला. दोन हात कापड काळंभोर स्वच्छ, आणि मग आडवी, खडूने मारल्यासारखी पिवळसर रेघ, तिच्या पलीकडे कापड थोडं कडक. मी काही बोललो नाही, तो माणूसही काही बोलला नाही. पट्टा सोडला, तो सर्रकन आत गेला, आणि त्याने चावी परत मागितली.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की त्या दोन पुरांमुळे एमएच-१० पासिंगच्या प्रामाणिक गाडीलाही पुण्याकडचा खरेदीदार संशयाने बघतो आणि संशयाचे पैसे कापतो. तुमची गाडी तासगावकडे होती, पाण्यात गेली नाही. मग ते सिद्ध करायचे कागद बरोबर न्या: २०१९ पासूनच्या विम्याच्या पॉलिसी, ज्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, वाढत गेलेला दिसतो. पुरात बुडालेल्या गाडीचा मालक सहसा क्लेम केल्याशिवाय राहत नाही. त्याच्या जोडीला सर्व्हिसची बिलं, म्हणजे ९२ हजार किलोमीटर खरे आहेत याचा पुरावा. मीटर मागे घेतलेल्या गाड्या इतक्या आहेत की कमी किलोमीटरचा आता कुणाला आनंद होत नाही, आधी शंका येते. हे दोन पुठ्ठ्याच्या फाइलमधले कागद माझ्या मते दहा-पंधरा हजारांचे आहेत, आणि त्यांना खर्च शून्य.

विकायच्या आधी काय करावं? धुवा, आतून चांगली साफ करा, डिकीतली जुनी पोती काढा. डेंटिंग-पेंटिंग करू नका. ताजा रंग बघितला की तपासणारा आत काय लपवलंय ते शोधायला लागतो, आणि तुम्ही १२ हजार खर्च करून किमतीत पाच वाढतात. क्लचही बदलू नका. एजंट तो त्याच्या मिस्त्रीकडून तुमच्यापेक्षा स्वस्तात करून घेतो. दुसरी चावी मात्र शोधा. कपाटात, देवघरात, कुठंतरी असेलच. एकच चावी असली की प्रत्येक जण कापतो.

कागदांतल्या दोन गोष्टी आधी उरका. गाडी कर्जावर घेतली होती का? शिक्षकांच्या बाबतीत हे मी दहादा बघितलंय: सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलं, पेढे वाटले, पण आरसीवर बोजा तसाच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवल्याशिवाय नाव बदलत नाही, आणि एनओसीला मुदत असते, जुनी चालत नाही. दुसरं, १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पाहिजेच. कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी एवढाच खर्च, पण ती नसली की आरटीओत ट्रान्स्फर अडकतं आणि शोरूमवाला त्या नावाखाली दोन-तीन हजार कापतो. ई-चलन बाकी असेल तर भरून टाका.

आता जी गोष्ट सांगतोय ती मी स्वतः केलीय, म्हणून जरा लाजेनेच सांगतो. शोरूममध्ये गाडीची किंमत ठरते बुकिंगच्या दिवशी, आणि जुनी ताब्यात जाते डिलिव्हरीच्या दिवशी. मधे तीन आठवडे, कधी दोन महिने. डिलिव्हरीच्या सकाळी मॅनेजर मला म्हणायचा, "जुनी परत एकदा बघून घे." त्याचा अर्थ मला पाठ होता. बाहेर नवी गाडी रिबीन लावून उभी आहे. घरचे सगळे आलेत, आजीसुद्धा. वहिनींच्या हातात नारळ आणि ओवाळायचं ताट, पोरगं आधीच पुढच्या सीटवर. अशा वेळी मी जाऊन सांगायचो, "सर, मधे दोन हजार किलोमीटर जास्त फिरलीय, मागच्या दरवाजाला ओरखडा नवीन आहे, आठ हजार कमी होतील." त्या ताटातली निरांजन विझायच्या आत माणूस हो म्हणायचा. सहा वर्षांत एकच जण नाही म्हणाला. पलूसकडचे एक वयस्कर शेतकरी. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, आमच्याच सेल्समनच्या सहीचा, आणि म्हणाले, "ह्यावर बगा काय लिवलंय. नाय जमत तर नारळ घेऊन जातो माघारी." त्यांचे आठ हजार कापले गेले नाहीत.

तो कागद तुम्हीही घ्या. त्यावर जुन्या गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम, तारीख, त्या दिवशीचं मीटर, डिलिव्हरीपर्यंत किती किलोमीटर फिरली तरी चालेल तो आकडा, आणि "अपघात झाला नाही तर किंमत बदलणार नाही" ही ओळ. सही आणि शिक्का. डिलिव्हरीची तारीख लांब असली तर शोरूम अशी हमी द्यायला कुरकुर करेल, आणि दोन महिन्यांनी बाजार खाली आला तर त्यांचंही नुकसान होतं हे खरं आहे. मग मुदत घाला, ३० दिवस किंवा ४५ दिवस. बुकिंगचे पैसे त्या कागदाआधी भरू नका.

इथवर तुमच्याकडे चार गोष्टी झाल्या: जुनी न देता नव्याचं कोटेशन, जुनी देऊन लिहिलेला फरक, दोन एजंटांचा गाडी बघून दिलेला भाव, आणि बोनसची अट. ह्या एका पानावर मांडल्या की कुणाला द्यायची ते तुम्हालाच दिसेल. राहिला नाव बदलण्याचा भाग, आणि हा पैशाहून मोठा आहे.

मी धंद्यात नवीन असताना स्वतःची इंडिका एका एजंटाला दिली. ओळखीचा माणूस, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या, पैसे मोजून घेतले. अडीच वर्षांनी राज्याच्या सीमेपलीकडच्या एका पोलीस ठाण्याचा कागद घरी आला. त्या गाडीने मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं, आणि आरसीवर नाव माझं. एजंट म्हणाला, "मी तर पुढं विकली." ज्याला विकली त्याने आणखी पुढे. चार तारखांना गेलो, चार दिवस धंदा बंद. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: गाडी चार हातांतून गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव त्या मालकावर. तेव्हा "सर, आमच्यावर विश्वास ठेवा" हे वाक्य ऐकून कोरी सही करू नका. घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्यावरच सही. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचंही काम आहे.

१ एप्रिल २०२३ पासून एक बरी सोय झालीय. आरटीओकडून अधिकृत झालेल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी दिली की फॉर्म २९सी ने ऑनलाइन कळवता येतं, आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर जाते, पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत. शोरूमला विचारा, "२९सी करणार का?" करणार असतील तर त्यांच्या भावात पाच-सात हजार कमी असले तरी मी तिथे देईन. करणार नसतील तर ताबा दिल्याची पावती, तारीख आणि वेळेसकट, घेणाऱ्याच्या आधारच्या प्रतीसह, आणि महिनाभराने परिवहनच्या साइटवर नंबर टाकून नाव बदललं का ते बघायचं. शोरूममार्फत दिली तर थोडी रक्कम ट्रान्स्फर होईपर्यंत त्यांच्याकडेच नव्या गाडीच्या हिशोबात अडकवून ठेवता येते का बघा. सहसा नाही म्हणतात, पण विचारल्याने ट्रान्स्फर लवकर होतं.

नो क्लेम बोनसही सोडू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. त्या हप्त्याचे २० हजार असतील तर १० हजार वाचले. शोरूमच्या कोटेशनमध्ये विम्याची ओळ बहुधा ही सूट न धरता लिहिलेली असते. विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यावं लागतं, ते तीन वर्षं चालतं. आणि फास्टॅग ताबा देण्याआधी बंद करा. नाहीतर गाडी किणी, तासवडे, आणेवाडी अशा टोलनाक्यांवरून गेली की पैसे तुमचे कटत राहतात. हसू नका, माझे कटलेत.

आता भाचा. तीन लाख देतोय. बोनससाठी बाहेरचं ट्रान्स्फर चालत असेल, तर त्याच आकड्यांनी हिशोब करा: ९ लाख ६० मधून १० हजार सूट, ३० हजार बोनस आणि भाच्याचे तीन लाख. राहिले ६ लाख २० हजार, म्हणजे स्वतः फिरून विकल्याइतकेच, रविवार न घालवता. शोरूमपेक्षा तुमचे १५ हजार वाचतात, आणि त्याला एजंटाकडे ३ लाख ७० ला मिळणारी गाडी तीनला पडते. मी तुमच्या जागी असतो तर त्यालाच दिली असती. दोन अटींवर. पैसे हप्त्याने नकोत, पूर्ण आणि बँकेतून. आणि नाव पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्यावर, "घरातलीच तर गाडी आहे" म्हणून टाळायचं नाही, नाहीतर बोनसही जाईल. क्लचचं त्याला आधी सांगा, हवं तर त्यातले चार-पाच हजार सोडा. एजंटाला सांगितलं नसतंत तरी चाललं असतं, तो दुसरा गिअर टाकतानाच ओळखतो.